विषाचे माप : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात कीटकनाशकाची बाटली हातात घेतली, की तिच्यावर कोनावर उभा असलेला एक चौकोन दिसतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. केरळात १९५८ साली पॅराथिऑन मिसळले गेलेले पीठ पोटात जाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली, १९६८ साली कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ च्या नियमांनी हा रंगीत चौकोन सक्तीचा केला. प्रत्येक रंगामागे एक आकडा आहे. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे प्राणी दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम मात्रा तोंडावाटे दिल्यावर मरत असतील, तर रंग लाल. ही मात्रा ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि ५००० च्या पुढे गेली तर हिरवा.

हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असे फवारणी करणाऱ्या अनेकांना वाटते. बाटली तसे म्हणत नाही. ती फक्त एवढेच सांगते, की अमुक प्राण्याला, तोंडावाटे, एकदाच दिलेल्या मात्रेने मारायला हा पदार्थ बराच लागतो. कातडीवाटे रोज थोडा थोडा शरीरात गेला तर काय होईल, गरोदर बाईला काय होईल, ओढ्यातल्या माशाला काय होईल, यावर त्या रंगाने काहीच सांगितलेले नसते. हे पुस्तक लिहायला घेतले ते यासाठी. विषारीपणाचा आकडा हे नेहमी एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर असते. कोणाला, कोणत्या वाटेने, किती काळ, आणि कोणता परिणाम मोजला, हे माहीत नसेल तर तो आकडा वाचता येत नाही आणि दोन आकड्यांची तुलना तर मुळीच करता येत नाही. पुढच्या सर्व प्रकरणांचा गाभा हाच आहे.

मात्रेवरच विष ठरते, हे पॅरासेल्ससने १५३८ साली लिहिलेल्या आपल्या समर्थनात मांडले. विषशास्त्राचे प्रत्येक पुस्तक त्याच्या नावाने सुरू होते. पण मात्रा मोजायची कशी, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते मिळायला जवळजवळ चार शतके जावी लागली आणि ते विषाच्या नव्हे, औषधाच्या गरजेतून मिळाले. डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध पानांपासून बनते आणि पानांचा प्रत्येक ढीग सारख्या ताकदीचा नसतो. घटसर्पाची प्रतिलस, नव्याने हाती आलेले इन्सुलिन यांचेही तसेच होते. एका कुपीने रोगी वाचावा आणि दुसऱ्या कुपीने दगावावा, हे चालण्यासारखे नव्हते. त्या काळी प्राण्याला मारणारी 'किमान मात्रा' शोधून ताकद ठरवत. इंग्लंडमध्ये वेलकम प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली दाखवून दिले, की अशी किमान मात्रा नावाची स्थिर गोष्ट अस्तित्वातच नाही. एक उंदीर थोड्याशा मात्रेने मरतो, दुसरा तिप्पट मात्रा पचवतो. सर्वांत दुबळा उंदीर नमुन्यात आला की नाही, यावर ती 'किमान' मात्रा दर वेळी बदलते.

ट्रेव्हन यांनी टोके सोडून मध्य धरला. वारीच्या वाटेवर दिंडीतला सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा वारकरी कुठे असेल हे रोज बदलते, पण मधला दाट समुदाय कुठे पोचला हे खात्रीने सांगता येते. तसेच शंभर उंदरांपैकी पहिला किंवा शेवटचा कोणत्या मात्रेने मरेल हे अनिश्चित असते, पण निम्मे कोणत्या मात्रेने मरतील हे बऱ्याच भरवशाने काढता येते. हीच मध्यम प्राणघातक मात्रा, म्हणजे एलडी ५०. ती दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

या मापाचा मूळचा उपयोग आजही आपल्या जवळ आहे. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी बनणाऱ्या सर्पदंशावरच्या लसीची ताकद उंदरांवरच तपासली जाते. एक मिलिलिटर लशीने नाग किंवा घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे, असे भारतीय प्रमाण आहे. रुग्णालयातला डॉक्टर किती कुप्या द्यायच्या याचा विचार करतो, तेव्हा त्याच्यामागे हे गणित उभे असते. विषाचे माप चुकले, तर उताऱ्याचेही माप चुकते.

हे माप काढण्याची रीत समजून घेणे फारसे अवघड नाही. प्राण्यांचे गट करतात, प्रत्येक गटाला वाढती मात्रा देतात, साधारण चौदा दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवतात आणि प्रत्येक गटात किती मेले ते नोंदवतात. मात्रा आडव्या अक्षावर आणि मृत्यूंचे प्रमाण उभ्या अक्षावर मांडले, की एक वळणदार रेषा मिळते. ती आधी सपाट असते, मध्ये झपकन चढते आणि शेवटी पुन्हा सपाट होते. चेस्टर ब्लिस या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९३४ साली 'प्रॉबिट' पद्धत मांडली. त्यामुळे ही वाकडी रेषा गणिताने सरळ करून तिच्यावरचा मधला बिंदू अचूक वाचता येऊ लागला.

पण त्या रेषेवर मधल्या बिंदूखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे चढ. समजा, दोन पदार्थांचा एलडी ५० प्रत्येकी १०० मिलिग्रॅम आहे. पहिल्याची रेषा उभी आहे. ८० मिलिग्रॅमला कोणी मरत नाही आणि १२० ला बहुतेक सगळे मरतात. दुसऱ्याची रेषा आडवी पसरली आहे. १० मिलिग्रॅमलाही काही मरतात आणि ५०० लाही काही वाचतात. तक्त्यात दोघांपुढे एकच आकडा लिहिलेला असतो. तरी ज्या माणसाच्या शरीरात चुकून थोडीशी मात्रा जाणार आहे, त्याच्यासाठी दुसरा पदार्थ कितीतरी अधिक धोक्याचा आहे. मोठ्या लोकसंख्येचा विचार करताना नजर मध्यावर नाही, रेषेच्या खालच्या शेपटीवर ठेवावी लागते, कारण सर्वांत दुबळी माणसे तिथे असतात. बालके, म्हातारी माणसे, अशक्त आणि आजारी माणसे, सगळी तिथेच.

तक्ते मोहात पाडतात. उंदरांना तोंडावाटे दिलेल्या मात्रेचे ठोकळ आकडे पाहा : मद्यार्क सुमारे ७०००, मीठ ३०००, ॲस्पिरिन आणि कॅफीन दोन्ही २०० च्या आसपास, सोमल १५ च्या आसपास, सोडियम सायनाइड ६ च्या आसपास. बोट्युलिनम हे जिवाणूचे विष टोचून दिले तर नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते आणि तरीही अतिसूक्ष्म मात्रेत ते औषध म्हणून टोचले जाते. असा तक्ता वाचून मिठापेक्षा अमुक रसायन सौम्य आहे, असे बोलण्याची आणि जाहिरात करण्याची सवय लागते. मिठाची आणि मद्याची खरी हानी एका दिवसात मोजता येत नाही, हे तिथे विसरले जाते.

आता 'कोणाला' या पहिल्या प्रश्नाकडे वळू. पॅरासिटामॉलचा उंदरांमधला एलडी ५० दोन हजाराच्या आसपास आहे. याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रेत माणसाचे यकृत गंभीरपणे बिघडू शकते. डायॉक्सिन गिनिपिगला दर किलोमागे एखाद-दोन मायक्रोग्रॅममध्ये मारते, हॅमस्टरला त्यासाठी हजाराहून अधिक मायक्रोग्रॅम लागतात. दोघेही कुरतडणारे प्राणी, एकाच प्रयोगशाळेत शेजारच्या पिंजऱ्यांत राहणारे, आणि फरक हजारपटीचा.

या फरकाची सर्वांत जबर किंमत आपल्या देशातल्या गिधाडांनी मोजली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कारण दाखवून दिले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. गिधाडासाठी प्राणघातक मात्रा दर किलोला साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम निघाली. कंबर दुखते म्हणून ६० किलो वजनाचा माणूस ५० मिलिग्रॅमची गोळी घेतो, तेव्हा त्याने दर किलोमागे ०.८ मिलिग्रॅम घेतलेले असते. म्हणजे आपल्याला आराम देणारी मात्रा गिधाडाच्या प्राणघातक मात्रेच्या किमान चौपट आहे. त्यातही अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना हेच औषध शंभरपटीहून अधिक मात्रेत देऊनही ती मेली नाहीत. 'पक्ष्यांसाठी विषारी' असा एक शिक्का पुरेसा नसतो, हे इथे कळते. भारताने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली आणि त्याच्या जागी गिधाडांना न मारणारे मेलॉक्सिकॅम सुचवले गेले. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या कड्यांवर उरलेली गिधाडे आज जगवायची धडपड चालू आहे, तिच्या मुळाशी हे मोजमाप आहे.

दुसरा प्रश्न वाटेचा. पोटातून गेलेले विष आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा बराच भाग मोडला जाऊ शकतो. श्वासावाटे किंवा कातडीवाटे गेलेल्या विषाला तो अडसर लागत नाही. म्हणून हवेतल्या विषाचे माप वेगळ्या रीतीने सांगतात. हवेत त्याचे प्रमाण किती आणि माणूस तिथे किती वेळ होता, या दोन्ही गोष्टी लागतात. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये गळती झालेल्या मिथाइल आयसोसायनेटची कामाच्या ठिकाणची आठ तासांची मर्यादा ०.०२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग इतकी कमी ठेवलेली आहे.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली, उकाडा, घामाने भिजलेले कपडे, अंगावर येणारा फवारा, एकाच टाकीत कालवलेली दोन-तीन औषधे आणि दिवसामागून दिवस तेच काम. तोंडावाटे एकदा दिलेल्या एका शुद्ध पदार्थाच्या मात्रेवरून ठरलेला रंग या परिस्थितीबद्दल फार थोडे सांगू शकत होता. मिश्रणाचा प्रश्न शास्त्राला नवा नव्हता. १९५७ सालीच दिसून आले होते, की ईपीएन आणि मॅलॅथिऑन ही दोन कीटकनाशके एकत्र दिली तर त्यांचा परिणाम बेरजेपेक्षा बराच मोठा होतो. मॅलॅथिऑनचा निचरा करणारे शरीरातले विकर ईपीएन बंद पाडते.

शुद्धतेचेही तसेच. मॅलॅथिऑनचा उंदरांमधला एलडी ५० दोन हजाराच्या पुढे आहे, म्हणून मलेरिया नियंत्रणासाठी ते सुरक्षित समजले जाई. पाकिस्तानात १९७६ साली ते फवारणाऱ्या सुमारे ७५०० कामगारांपैकी अंदाजे २८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण मरण पावले. साठवणीत पडून राहिलेल्या मालात आयसोमॅलॅथिऑन नावाची अशुद्धी तयार झाली होती. पिंपावरचे नाव तेच होते, आतला माल मात्र नावासारखा राहिला नव्हता.

तिसरा आणि चौथा प्रश्न काळाचा आणि परिणामाचा. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड बाजारात आले, तेव्हा त्याची मोठी जाहिरात होती ती सुरक्षिततेची. उंदरांना कितीही दिले तरी ते मरत नव्हते. मृत्यू हा एकच परिणाम मोजला, तर त्याच्याइतके निर्धोक झोपेचे औषध दुसरे नव्हते. गर्भावर काय होते हे मोजले गेले नव्हते, आणि मोजले असते तरी उंदीर हा त्यासाठी चुकीचा साक्षीदार होता. हा दोष सशांमध्ये दिसतो, उंदरांमध्ये फारसा दिसत नाही. औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले तोवर दहा हजाराहून अधिक बाळे हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली. 'हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे' हे विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

काळाचा धडा विदर्भातल्या विहिरी-विंधणविहिरींनी दिला आहे. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पाण्यात दर लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि माणूस दिवसाला तीन लिटर पाणी पितो असे धरू. दिवसाला ९ मिलिग्रॅम झाले. तत्काळ विषबाधेची शंका घ्यावी अशी मात्रा दर किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम आहे. तीव्र विषारीपणाच्या हिशेबाने हे पाणी सुरक्षित ठरते. वर्षानुवर्षे पिऊन मात्र दात डागाळतात, सांधे आखडतात, हाडे वाकतात. म्हणून पिण्याच्या पाण्याचे भारतीय प्रमाण दर लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालवून घेतले जाते.

अशा मर्यादा ठरतात कशा, हे या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण आहे, कारण सामान्य माणसाच्या ताटाशी आणि पेल्याशी त्याचा थेट संबंध आहे. प्राण्यांना महिनोन्महिने, काही प्रयोगांत आयुष्यभर, वेगवेगळ्या मात्रा देतात आणि ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला कोणताही अपाय दिसला नाही ती शोधतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ साली त्या मात्रेला शंभराने भागण्याची रीत सुचवली. पुढे तिचा अर्थ असा लावला गेला : माणूस प्राण्याहून दहापट नाजूक असू शकेल म्हणून दहा, आणि एक माणूस दुसऱ्याहून दहापट नाजूक असू शकेल म्हणून आणखी दहा. ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीचे उदाहरण घ्या. उंदरांमध्ये दिवसाला दर किलोमागे ४००० मिलिग्रॅम मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही, म्हणून माणसासाठी रोजची मर्यादा ४० मिलिग्रॅम ठरली.

हे शंभर निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी विचारपूर्वक निवडलेले आहेत. 'अपाय दिसला नाही' याचा अर्थही जपून लावावा लागतो. गटात दहाच प्राणी असतील, तर शंभरात एकाला होणारा अपाय बहुधा दिसणारच नाही. म्हणजे प्रयोग जितका तोकडा, तितका पदार्थ सुरक्षित दिसण्याचा धोका. केनी क्रंप यांनी १९८४ साली संपूर्ण मात्रा-परिणाम रेषा वापरून मर्यादा काढण्याची पद्धत मांडली, ती या दोषावर उपाय म्हणून. सुरक्षित मर्यादा ही विज्ञान आणि समाजाचा निर्णय यांच्या सीमेवर उभी असते. कोणाला किती धोका मान्य करायचा, हा प्रश्न फक्त तज्ज्ञांवर सोडून देता येत नाही.

या सगळ्या आकड्यांसाठी ज्या प्राण्यांनी जीव दिला, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हे पुस्तक प्रामाणिक होणार नव्हते. एका पदार्थाच्या एलडी ५० साठी पूर्वी चाळीस-पन्नास किंवा त्याहूनही अधिक प्राणी लागत. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली : शक्य तिथे प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. ओईसीडी या संघटनेने २००२ साली जुनी चाचणी आपल्या यादीतून काढून टाकली. तिच्या जागी आलेल्या पद्धतींत थोडक्या प्राण्यांत काम भागते. एका प्राण्याचा परिणाम पाहून पुढच्याची मात्रा खाली-वर करतात, आणि नेमका बिंदू न शोधता पदार्थ कोणत्या वर्गात बसतो तेवढेच ठरवतात. पेशी, जिवाणू आणि संगणकी प्रारूपे यांच्यावरच्या चाचण्याही पुढे येत आहेत. हा बदल करुणेतून आला आणि विज्ञानाच्याही हिताचा ठरला. दशांशापर्यंत मोजलेला उंदराचा आकडा माणसाबद्दल तेवढ्या दशांशापर्यंत काही सांगत नाही, हे त्यामुळे उघडपणे मान्य झाले.

याचा सर्वांत ठोस पुरावा श्रीलंकेतून आला. क्लोरपायरिफॉस आणि डायमेथोएट या दोन कीटकनाशकांचा उंदरांमधला एलडी ५० जवळजवळ सारखा आहे, १३५ आणि १५०. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत दोन्ही एकाच वर्गात बसतात. मायकेल एडलस्टन आणि त्यांच्या श्रीलंकेतल्या सहकाऱ्यांनी विषबाधा होऊन रुग्णालयात आलेल्या ८०२ रुग्णांची नोंद ठेवली आणि ती २००५ साली प्रसिद्ध केली. क्लोरपायरिफॉसच्या शंभर रुग्णांमागे आठ दगावले होते, डायमेथोएटच्या शंभरामागे तेवीस. रुग्ण त्याच रुग्णालयांतले, उपचार तेच, आणि मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तिप्पट. पुढे २००८ ते २०११ या काळात श्रीलंकेने डायमेथोएट, फेन्थिऑन आणि पॅराक्वाट टप्प्याटप्प्याने बंद केली आणि विषबाधेने होणारे मृत्यू आणखी घटले.

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी आहेच. पण कृषी सहायक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि परिचारिका, जिल्ह्याची बातमी देणारे पत्रकार आणि स्वतः फवारणी करणारा शेतकरी यांना डोळ्यांसमोर ठेवून मी ते लिहिले आहे. गणित लागेल तिथे उदाहरणाने समजावले आहे आणि कोणतेही सूत्र अर्थाशिवाय सोडलेले नाही. वाचकाकडून अपेक्षा एकच आहे : विषारीपणाचा कोणताही आकडा समोर आला, की कोणाला, कोणत्या वाटेने, किती काळ आणि कोणता परिणाम, हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत तुलना मान्य करू नये.

आणि ज्यांच्या हाती रुग्ण येतात, त्यांना एक आग्रहाची विनंती. आपल्याकडे विषबाधेच्या असंख्य कागदांवर पदार्थाच्या जागी नुसते 'विषारी औषध' लिहिलेले असते. त्या जागी पदार्थाचे नाव, तो शरीरात गेल्याची वाट, मधले तास आणि शेवट लिहिला गेला, तर काही वर्षांत महाराष्ट्राकडे माणसांवरून काढलेले स्वतःचे माप असेल. कोणते कीटकनाशक बाजारात राहावे आणि कोणते जावे, हे ठरवताना ते माप बाटलीवरच्या रंगापेक्षा अधिक खरे असेल, आणि ते मिळवायला प्रयोगशाळेचीही गरज नाही.